ती तळी कोणी खणली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकपत्रांत डिचोलीच्या एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. गोव्यातली एक मुलगी मुसलमान समाजातल्या चळवळींचा अभ्यास करायला हॉलंडला गेली, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांना तीन प्रश्न पडले. आपल्या मुलींना हे नसते उद्योग हवेत कशाला? परदेशी विद्यापीठं असल्या अभ्यासाला पैसे देतात, त्यात त्यांचा हेतू काय? आणि धर्म एक, ग्रंथ एक, तो वाचला की झालं; त्यात पदवी कसली घ्यायची? पत्र सभ्य भाषेत होतं, म्हणून उत्तरही सभ्य भाषेत द्यायचं ठरवलं. त्यातच तीन आठवडे गेले.

ती मुलगी माझी विद्यार्थिनी. नाव देत नाही, तिच्या आईला बाजारात आधीच चारजणी अडवून विचारतात. वडिलांचं गॅरेज आहे, घरी पाच दिवसांचा गणपती असतो, आजी अजून सोमवार धरते. जायच्या आदल्या दिवशी ती पेढे घेऊन आली, तेव्हा माझ्या शेजारणीनं तिला तोंडावरच विचारलं, “तें शिकून नोकरी खंय मेळटली गो?” डिचोलीकरांच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा हा प्रश्न मला जास्त खरा वाटला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाकी तिन्हींचं देते.

त्याआधी माझी एक कबुली. एकतीस वर्षं मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. डिसेंबरात नववीच्या मुलांना फोंड्याच्या सफा मशिदीकडे न्यायचं, हा माझा शिरस्ता. बसचा खर्च कमी आणि दुपारच्या सुट्टीआधी परत, हे त्यातलं मुख्य कारण, उगीच मोठेपणा कशाला घेऊ? ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच चिरेबंदी जोत्यावर कौलारू छपराची एकच खोली. भोवती तुटक्या खांबांचे बुंधे, म्हणजे पूर्वी ओवरी असावी. आणि बाजूला तळी. माझ्या मते तिथलं खरं बघण्यासारखं ती तळीच. चिऱ्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि आतल्या भिंतींत छोट्या छोट्या कमानींचे कोनाडे आहेत. आपल्या देवळांच्या तळ्यांना असतात ना, दिवे ठेवायला, तसेच. फक्त कमानीची टोकं वेगळी.

१९९६ सालच्या सहलीत एका मुलानं विचारलं, “बाई, ही तळी कोणी खणली?” मुलगा मुसलमान होता. मशीद आदिलशाहीतली हे मी सांगितलंच होतं, त्याला ते नको होतं. खणणारे गवंडी कोण होते, कुठले होते, देवळाची तळी खणणारे तेच का, हे त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, “ते परीक्षेला नाही.” मुलं हसली, तोही हसला. मग आम्ही बसमध्ये बसलो. तो आज कुठे आहे ते मला माहीत नाही. पण पोर्शन पुरा करण्याच्या नादात मी नेमका विचारण्यासारखा तो एकच प्रश्न मारून टाकला, हे निवृत्त झाल्यावर ध्यानात आलं. डिचोलीकरांच्या पत्रात मला माझंच ते वाक्य ऐकू आलं, म्हणून हे लिहायला बसले.

आता पहिला प्रश्न, आपल्याला काय त्याचं? सफा मशीद १५६० च्या सुमाराची मानतात. त्याच सुमारास मंगेश देव कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून फोंड्याकडच्या प्रियोळला आला, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. देव आले ते पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर आले, हेही आपण सांगतो. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र सांगायचं राहून जातं. फोंड्याचा कोट शिवाजी महाराजांनी १६७५ साली घेतला, तो कोणाकडून? आदिलशाहीकडून. मी शाळेत दोन्ही गोष्टी शिकवल्या, पण दोन वेगळ्या धड्यांत, आणि मध्ये चाचणी परीक्षा. आदिलशहा फार उदार होता असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये, मीही काढत नाही. एवढंच म्हणते की मंगेशाची गोष्ट पुरी सांगायची तर विजापूरही थोडं वाचावं लागतं.

त्याच दशकातलं आणखी एक. पणजीला चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. तिथं आपण बसतो, शेंगदाणे खातो. हा वैद्य पोर्तुगालहून गोव्यात आला आणि १५६३ साली इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ऊठबस होती, तिथल्या हकिमांशी तो वाद घालायचा, आणि पुस्तकात पानोपानी इब्न सिनाचा हवाला देतो. इब्न सिना म्हणजे मध्य आशियात बुखाऱ्याजवळ जन्मलेला, अकराव्या शतकात वारलेला वैद्य. त्याचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत कैक शतकं शिकवला जात होता. म्हणजे ज्याला आज ‘इस्लामी संस्कृतीचा आंतरराष्ट्रीय अभ्यास’ असं लांबलचक नाव आहे, त्यातलं एक महत्त्वाचं पुस्तक साडेचारशे वर्षांपूर्वी ओल्ड गोव्यात छापलं गेलं. ओर्ता जन्मानं ज्यू घराण्यातला. त्याच्या मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. ज्ञानात हेतू शोधायला त्या काळीही माणसं तयारच होती.

त्याहून मागे जायचं तर मोरोक्कोचा इब्न बतूता. चौदाव्या शतकाच्या मध्याला तो गोव्यात येऊन गेला, होन्नावरच्या सुलतानाच्या आरमाराबरोबर इथल्या लढाईतही उतरला. गोव्याला तो ‘सांदाबूर’ म्हणतो आणि बेटावर छत्तीस गावं आहेत असं लिहितो. आपण त्याला तिसवाडी म्हणतो. सहा गावं कुठे गेली, हा प्रश्न मी एका वर्षी मुलांना घातला होता. “बाई, खाजनांत बुडलीं,” (खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन) असं उत्तर आलं, त्याला मी पाचपैकी चार दिले. आणि त्याच्याही तीनशे वर्षं आधी, कदंब राजा जयकेशी पहिला याच्या काळच्या ताम्रपटात गोव्यातल्या मशिदीचा उल्लेख येतो. शब्द आहे ‘मिजिगिती’. अरबी ‘मस्जिद’ बंदरात उतरली आणि इथल्या जिभेवर तिची मिजिगिती झाली. तिच्या खर्चासाठी जहाजांवर कर होता. हिंदू राजा, बंदर, अरब वंशाचा अधिकारी, मशिदीसाठी कर. हे सारं पोर्तुगीज यायच्या साडेचारशे वर्षं आधीचं. डिचोलीकरांनी आपल्या गावचा नमाजगाहही कधी निवांत बघावा. औरंगजेबाच्या बंडखोर मुलाशी, अकबराशी त्याचं नाव जोडतात, आणि तो अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला होता.

दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे हेतूंच्या प्रश्नात, डिचोलीकर अगदीच चुकलेले नाहीत, हे मी मोकळेपणानं मान्य करते. माझी विद्यार्थिनी गेली त्या हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात अरबीचं अध्यासन १६१३ पासून आहे. तिथलेच एक मोठे पंडित स्नूक हुर्खोन्ये १८८५ साली मुसलमान म्हणून मक्केत राहिले, तिथल्या जीवनावर अजून वाचावा असा ग्रंथ लिहिला, आणि पुढे इंडोनेशियातल्या आचेच्या युद्धात डच सरकारचे सल्लागार झाले. ज्या लोकांची भाषा शिकले, त्यांनाच नमवायला ती विद्या वापरली. पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेल्या एडवर्ड सैद यांनी १९७८ साली या सगळ्याचा पंचनामा केला, तेव्हापासून या विषयात पाऊल टाकणाऱ्याला आधी स्वतःचे हात तपासावे लागतात. माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या सहामाहीत हेच शिकवलं म्हणे, आपल्याच विद्यापीठाची पापं. आपल्याकडे कुठल्या कॉलेजात पहिली सहामाही अशी सुरू होते, तेवढं मला कोणीतरी कळवावं. शिवाय लायडनवर भरवसा नाही म्हणून आपण व्हॉट्सॅपवर भरवसा ठेवायचा, हे काही हेतूंच्या संशयाला धरून नाही.

खरं बोलायचंय ते तिसऱ्या प्रश्नावर. एक धर्म, एक ग्रंथ, वाचला की झालं.

त्याचं उत्तर मला माझ्याच घरात सापडलं. वडील वारल्यावर आम्ही भावंडांनी इन्व्हेंटरी घातली, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचं कोर्टातलं काम. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज दिवाणी कायदा, मुलीला मुलाइतकाच वाटा, कोणाला डावलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली एका निकालात गोव्याचं उदाहरण देशापुढे ठेवलं, आपल्या पहिल्या पानावर ती बातमी होती. त्या कायद्याप्रमाणे घर आणि भाट, म्हणजे बागायत, यांत माझा वाटा भावांइतका. आणि मी काय केलं? हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. माझ्या बहिणीनंही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. चतुर्थीला माहेरी जायचं असतं, एवढंच. उद्या लंडनचा कोणी पंडित फक्त कायद्याचं पुस्तक वाचून ‘गोव्यातल्या स्त्रिया वडिलोपार्जित मालमत्तेत समान भागीदार’ असं लिहील, तर ते शब्दाला शब्द बरोबर असेल आणि माझ्याबद्दल काहीही सांगणार नाही. त्यासाठी त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसावं लागेल.

जाता जाता, त्या दिवशी आम्ही जे जे बोललो ते आठवा: वारस, हक्क, हिस्सा, वकील, तारीख, मुदत. कायदा पोर्तुगीज, माणसं हिंदू, वाद मराठीत, आणि सहाच्या सहा शब्द अरबी. शिकागोचे मार्शल हॉजसन नावाचे इतिहासकार होते. १९६८ साली ऐन शेहेचाळिशीत गेले, त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ सहा वर्षांनी मित्रांनी छापून काढला. त्यांचं म्हणणं असं की धर्म म्हणून जो इस्लाम आहे त्याला एक शब्द ठेवा, आणि त्याच्या आधारानं वाढलेल्या, ज्यात हिंदू, ख्रिस्ती, ज्यू सगळ्यांनी हात घातला त्या संस्कृतीला दुसरा शब्द ठेवा. त्यांनी तसा शब्द इंग्रजीत घडवलाही. मराठीत तो मला जमला नाही. ‘इस्लामी वळणाची’ इथपर्यंत पोचले. कोणाला बरा सुचला तर कळवा. आमची इन्व्हेंटरी मात्र त्या वळणावरच झाली.

तर, ग्रंथाऐवजी माणसं बघा, हे आजच्या अभ्यासाचं म्हणणं. यात मला सगळ्यात जवळचे वाटले ते आसेफ बयात. मूळचे इराणी, काही वर्षं लायडनला एका संस्थेचे संचालक होते, मग अमेरिकेत प्राध्यापक. तेहरान आणि कैरो इथल्या गरिबांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मुसलमान देशांतली माणसं काय करतात हे मशिदीतल्या भाषणांवरून ठरवू नका, रस्त्यावर उभे राहून बघा, असं ते सांगतात. गरीब माणूस मोर्चा काढत नाही, त्याला परवडत नाही. तो मुकाट्यानं इंच इंच पुढे सरकतो. पदपथावर पथारी टाकतो, खांबावरून वीज ओढतो, घराला एक खोली वाढवतो. कोणी कोणाला ओळखत नाही, पुढारी नाही, झेंडा नाही. पण एकाच गोष्टी लाखो लोक करत राहिले की शहर बदलतं आणि सरकारला ते नंतर कळतं. अशा बिनचळवळीच्या चळवळी, असं ते म्हणतात.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजारात गेले. तिथं एक बाई फळं विकते. कर्नाटकातून आलेली, घरी दखनी बोलते, माझ्याशी कोंकणी. वीसेक वर्षांपूर्वी ती टोपली घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची. मग टोपलीखाली फळी आली. मग फळीवर ताडपत्री. एका पावसाळ्यात ताडपत्रीला चार वासे लागले, आणि कोविडनंतर एकदा संध्याकाळी बघते तर वर दिवा. वायर कुठून आली ते मी विचारलं नाही. हटवाहटवी झाली की दोन दिवस दिसत नाही, तिसऱ्या दिवशी परत टोपली, पायरी, पहिल्यापासून सुरुवात. तिच्या शेजारी काणकोणची एक बाई मिरच्या आणि कोकम विकते, तिचीही गोष्ट हीच, फक्त तिच्या फळीवर लक्ष्मीचा फोटो आहे. एकीला कोणी उठवायला आलं की दुसरी आपोआप उठून उभी राहते. दोघींची कुठली युनियन नाही. रोज एकमेकींना बघून जी ओळख होते तीच अडीअडचणीला उभी राहते, असं बयात लिहितात. ते कैरोचं आहे. मी ते आमच्या बाजारात जिन्याखाली वाचलं.

आणि हेच ट्युनिशियात पेटलं. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझिद गावात मोहम्मद बुआझिझी या सव्वीस वर्षांच्या फळभाजीवाल्याचा तराजू आणि माल जप्त झाला. दाद मागायला गेला तर कोणी भेटेना. त्यानं स्वतःला पेटवून घेतलं, ४ जानेवारीला तो गेला, आणि १४ जानेवारीला तेवीस वर्षं गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. टीव्हीवर तेव्हा तज्ज्ञ इस्लामवर बोलत होते. तो होता तराजूचा प्रश्न. पुढे त्या देशांचं काय झालं हे मला ठाऊक आहे, इजिप्तमध्ये लष्कर परत आलं, सीरियाची राख झाली. तेव्हा ‘अरब वसंत’ वगैरे गोड नावं मी वापरत नाही.

माझी विद्यार्थिनी ज्यावर काम करते ते वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर तिची मेल येईपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. इंडोनेशियात, जावाच्या चिरेबोन भागातल्या एका मदरशात, एप्रिल २०१७ मध्ये आलिमांची परिषद भरली. आलिमा म्हणजे धर्मशास्त्र शिकलेल्या बायका. तीन दिवस बसून त्यांनी तीन निर्णय दिले, फतवेच. फतवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते सोडून पुढे वाचा. पहिला बालविवाहाविरुद्ध: मुलीचं नुकसान करणारा बालविवाह रोखणं हे कर्तव्य. दुसरा लैंगिक अत्याचाराविरुद्ध, लग्नातल्या जबरदस्तीसकट. तिसरा निसर्गाच्या नासाडीविरुद्ध. निर्णय देताना त्यांनी कुराण घेतलं, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं घेतली, जुन्या धर्मपंडितांची मतं घेतली, आणि चौथ्या जागी आपल्या देशाची राज्यघटना. शिवाय ज्या बायकांवर गुदरलं त्यांचं ऐकून घेतलं. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, इंडोनेशियानं मुलींचं लग्नाचं किमान वय सोळावरून एकोणीस केलं. फतव्यानंच केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. न्यायालयाचा निकाल होता, बायकांच्या संघटनांची कैक वर्षांची धडपड होती. पण गावात मौलवीच्या तोंडावर ठेवायला त्या बायकांच्या हातात एक कागद आला.

तिसऱ्या फतव्यावर मी थबकले. खाणीच्या धुळीनं लाल झालेल्या शेतात उभं राहून आपल्याकडच्या कुठल्या मठानं, देवस्थानानं, चर्चनं किंवा मशिदीनं ‘हे पाप आहे’ असा लेखी निर्णय दिलेला मी माझ्या हयातीत वाचला नाही. डिचोलीकरांना खाणी माझ्यापेक्षा जवळून माहीत असणार. त्यांनी निदान हा एक निर्णय मागवून वाचावा.

आता कोणी म्हणेल, बाई फारच भारावल्या. तसं नाही. याच अभ्यासातल्या काही गोष्टी मला पटत नाहीत. सबा महमूद या पाकिस्तानात जन्मलेल्या विदुषीनं कैरोच्या मशिदींत जमून धर्म शिकणाऱ्या बायकांबरोबर दोन वर्षं काढली. या बायका फसलेल्या आहेत असं आपण बाहेरून ठरवू नये, नम्रता, लाज, धीर हे गुण त्या स्वतः कमावतात, असं त्या म्हणतात. फार हुशार मांडणी. पण वाचताना मला सतत माझी ती सही दिसत होती. मीही फसले नव्हते, मीही समजून-उमजूनच केलं. तरी ते बरोबर होतं असं मला आज वाटत नाही, आणि कोणी विदुषीनं माझ्या त्या सहीचा मान राखला म्हणून मला समाधान वाटणार नाही. हे मी मुलीला कळवलं. तिनं उत्तर धाडलं, “बाई, वर्गात अर्ध्याजणी हेच म्हणतात. तुम्ही निबंध लिहा.” निबंध कसला, हे पत्र लिहिते आहे.

आणि आपल्याला हे सगळं परक्यांनी शिकवायला हवं होतं असंही नाही. मिरजोळीचे हमीद दलवाई, चिपळूणजवळचे, आपल्या कोकणातले. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात! १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नाव फुल्यांच्या वळणावर. आयुष्य फार लाभलं नाही, पंचेचाळिसाव्या वर्षीच गेले: जन्म सप्टेंबर १९३२, मृत्यू मे १९७७. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला २२ ऑगस्ट २०१७ ला, सातजणींच्या मोर्चानंतर एकावन्न वर्षांनी. दलवाईंना धर्माबाहेरून कायदा हवा होता, चिरेबोनच्या आलिमा धर्माच्या आत राहून भांडतात. यातला कुठला रस्ता नीट, यावर मराठीत दोन तास वाद घालता आला असता, घालणारे असते तर. सेतुमाधवराव पगडी हैदराबादेत सनदी नोकरी करता करता फारसी-उर्दू मुळातून वाचत होते, सूफी पंथावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. त्या पिढीनंतर आपण हा विषय इंग्रजीकडे सोपवून मोकळे झालो. परवा एका नव्या पुस्तकाची चौकशी केली, किंमत ऐकून फोन ठेवला. त्यात माझा दोन महिन्यांचा बाजार झाला असता.

गोव्याच्या कायद्याचंच बघा. १९३७ चा शरियत कायदा इथं कधी आला नाही, गोव्यातला मुसलमान घरवाटणीला माझ्यासारखाच इन्व्हेंटरीत उभा राहतो, दुसरी बायको त्याला चालत नाही. उलट १८८० च्या हिंदू रूढींच्या हुकुमात, पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नसेल किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नसेल तर हिंदू नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा लिहिलेली होती. समान नागरी कायद्यावर आपल्याकडे इतके अग्रलेख आले, त्यांतल्या किती वाचकांना ही ओळ माहीत आहे? आणि गोव्यातल्या मुसलमान बायका हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या करतात की नाही, माझ्यासारख्या, हे कोणी जाऊन विचारलं आहे का? जगातले अभ्यासक कैरोला आणि जावाला जातात. फोंड्याहून शेजारच्या कुर्टीला जायला रिक्षा मिळते.

म्हणून संपादक महोदय, मागणं एकच. रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा अर्धं पान द्या. जगात या विषयावर जे नवं लिहिलं जातं त्यातलं एक प्रकरण, एक निर्णय, एक मुलाखत, सोप्या मराठीत. राशिभविष्याला हात लावायला नको, मीही ते वाचते. अनुवादाचे पैसे नकोत. चिरेबोनच्या तिसऱ्या निर्णयाचा इंग्रजी मजकूर मुलीनं पाठवला आहे, त्याचा अनुवाद मी दोन-तृतीयांश केला आहे. ‘फसाद’ या शब्दाशी अडले आहे. मराठीत त्याचा अर्थ भांडण, तिथं तो धरणीची नासाडी. उरलेलं गोपाळकाल्यापर्यंत होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा
(नाव छापू नये, भाऊ आपलंच वर्तमानपत्र घेतात.)

ता. क. पत्र लांबलं आहे, कापावं लागेल याची कल्पना आहे. ओर्ता कापा, हॉजसन कापला तरी चालेल. तळीचं कापू नका. १९९६ च्या त्या नववीतल्या मुलाच्या घरी आपलं वर्तमानपत्र येत असेल तर त्यानं ते वाचावं. गवंडी कुठले ते मला अजून सापडलेलं नाही, शोधते आहे.